स्कँडिनेव्हियन रंग म्हणजे नुसता पांढरा नव्हे

स्टॉकहोमला आम्ही घर घेतल्यापासून पुण्याच्या बहिणीचे आणि मैत्रिणींचे मेसेज येत असतात: ‘आम्हालाही स्कँडिनेव्हियन लुक हवाय, कुठला पांढरा घेऊ?’ सोबत फोटो. पांढऱ्या भिंती, करडा सोफा, कोपऱ्यात एक कुंडी. तशी घरं इथे आहेतच. पण इथली माणसं रंगांवर किती जीव लावतात, ते त्या फोटोंत दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पांढऱ्याचं बघू. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. मधल्या वेळातही तो क्षितिजाच्या जेमतेम वर असतो. एवढासा उजेड खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचवायचा, तर भिंती फिक्या हव्यात. म्हणून पांढरा. पण तोही शुभ्र नाही! स्वीडनमध्ये रंग सांगायची एनसीएस नावाची पद्धत आहे, दुकानात शेडच्या नावापेक्षा तिचाच कोड विचारतात. पहिले दोन आकडे काळेपणाचे, पुढचे दोन रंगाच्या तीव्रतेचे, आणि शेवटच्या अक्षरावरून तो कुठल्या रंगाकडे झुकतो ते कळतं. इथल्या फ्लॅट्समध्ये सर्रास दिसणारा, ‘स्टॉकहोम पांढरा’ म्हणून ओळखला जाणारा रंग आहे ०५०२-वाय. म्हणजे पाच टक्के काळा, दोन टक्के रंग, आणि तो रंग पिवळा. त्या कणभर पिवळ्यावर सगळं अवलंबून आहे. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, त्यात शुद्ध पांढरी भिंत पाणी घातलेल्या दुधासारखी दिसते. निळ्या झाकेचा करडा तर आणखी वाईट, त्यात खोली कायम थंड वाटते.

पण माझं मन बसलंय ते सुंडबोर्नच्या घरावर. स्वीडनमधल्या फालून शहराजवळचं हे छोटं गाव. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांना कारिनच्या वडिलांनी १८८८ मध्ये तिथलं एक लहानसं लाकडी घर दिलं, आणि ते दोघं पुढे कितीतरी वर्षं ते वाढवत, रंगवत राहिले. आज ते बघता येतं. जेवणाच्या खोलीत लाल आणि हिरवा शेजारी शेजारी आहेत, पण एकही भडक वाटत नाही, कारण दोन्हींत काळ्याचा अंश आहे. झोपायच्या खोल्यांमध्ये कारिननं विणलेला पडदा आहे. तीही चित्रकला शिकलेली, आणि लग्नानंतर तिचा हात कापडांवर आणि फर्निचरवर चालला. १९९७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं या दोघांवर मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात दोघांनाही ‘स्वीडिश शैली’चे निर्माते म्हटलं होतं. कारिनचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं घेतलं गेलं, याचा मला फार आनंद आहे. जगभर ज्याला स्वीडिश घर म्हणतात त्याच्या मुळाशी असलेलं हे घर असं रंगांनी भरलेलं आहे.

त्याच भागातला दुसरा रंग म्हणजे फालूनचा लाल. गावाबाहेर दिसणाऱ्या लाकडी घरांचा तो विटकरी लाल, आणि कोपऱ्यांना, खिडक्यांच्या चौकटींना पांढरा. फालूनच्या तांब्याच्या खाणीत उरलेल्या मातीत लोहाची संयुगं असतात. ती माती पाणी, राईचं पीठ आणि जवसाचं तेल घालून शिजवतात की झाला रंग. खाण १९९२ मध्ये बंद झाली, पण ढिगारे आहेत आणि रंग अजून तयार होतो. त्याचा थर लाकडाचा श्वास कोंडत नाही. पोपडे न धरता तो हळूहळू भुकटी होऊन उडतो, मग ब्रशनं झाडून पुन्हा एक हात मारायचा. जुन्या भिंतीवरून बोट फिरवलं की ते लाल होतं, त्यामुळे घरात हा रंग चालत नाही. आत हवा असेल तर त्याच शेडचा साधा मॅट रंग घ्यावा.

आमच्याकडे बैठकीची खोली उत्तरेची, आणि जमीन जुन्या पाइनच्या फळ्यांची, वयानं पिवळी पडलेली. अशा जमिनीशेजारी करडी भिंत जांभळट दिसायला लागते. म्हणून भिंतींना १००५-वाय२०आर घेतला, पिवळा पण किंचित तांबूस. शेडकार्डावर तो मळकट वाटतो. मी पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर दोन हात दिले आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवला: खिडकीशेजारी, दाराआड, सोफ्यामागे. सकाळी तो जवळजवळ पांढरा, संध्याकाळी २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली सायीच्या रंगाचा. हिवाळ्यात घरातलं निम्मं आयुष्य दिव्यांच्या उजेडात जातं, तेव्हा रात्रीची परीक्षा महत्त्वाची. स्वयंपाकघराच्या कपाटांना धुरकट हिरवा, आणि फालूनच्या लालात फक्त एक खुर्ची. लालाला एवढीच जागा पुरते. दुसरी लाल वस्तू आली की हिरवा मागे हटतो.

बहिणीचा हॉल पश्चिमेचा आहे. एप्रिलच्या दुपारी तिथे पडदे ओढून बसावं लागतं, तिला उजेड खेचायची गरजच नाही. तिला मी पांढरा नको म्हणून सांगितलंय. स्वीडनमधल्या जुन्या वाड्यांत, अठराव्या शतकात तिसऱ्या गुस्ताव राजाच्या काळात रुळलेला मोतिया करडा तिथे शोभेल, किंचित हिरव्या झाकेचा, बिनचमकीचा. छत भिंतीपेक्षा एक शेड फिकं. दाराच्या चौकटी सागवानी आहेत, त्या तशाच ठेवायच्या, त्यांच्यावर रंगाचा हात फिरवू द्यायचा नाही. रंगारी येत्या आठवड्यात येतोय. आधी पुठ्ठा रंगवून दुपारी चारचा फोटो पाठव, असं बजावून ठेवलंय.