थकून चर्चमध्ये येणाऱ्यांसाठी

रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जाऊन आलो तरी मन थकलेलेच राहते, असे सांगणारे भाविक पुष्कळ भेटतात. यात श्रद्धेचा दोष फार थोड्या वेळा असतो. प्रवेशगीत सुरू झाल्यावर धावतपळत पोहोचायचे, प्रवचन चालू असताना मनात दुपारच्या कामांची जुळवाजुळव करायची आणि शेवटचा आशीर्वाद मिळताच दार गाठायचे, असा तास गेला तर विसावा मिळणार कुठून? धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समूहात (पॅरिशमध्ये), विसाव्याच्या जागा भरपूर आहेत आणि त्या ख्रिस्तसभेने (चर्चने) जाणीवपूर्वक राखलेल्या आहेत. त्या कुठे आहेत आणि कशा वापराव्यात, ते इथे लिहीत आहोत. कॅथलिक धर्मग्रामातली रीत धरून लिहिले आहे, पण यातले बरेचसे इतर मंडळ्यांतल्या बंधुभगिनींनाही उपयोगी पडेल.

विसाव्याची आज्ञा दहा आज्ञांमध्येच आहे आणि बायबलमध्ये तिची दोन कारणे येतात. निर्गमच्या २०व्या अध्यायातले कारण असे की देवाने सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या ५व्या अध्यायात सांगितले आहे, की तू मिसर देशात दास होतास आणि देवाने तुला सोडवले, म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळू दे. हे दुसरे कारण आपण विसरतो. घरातल्या एकाच माणसाने सगळ्यांसाठी राबायचे आणि बाकीच्यांनी रविवार पाळायचा, हे त्या आज्ञेत बसत नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतल्या १२४७व्या कलमात रविवारच्या मिस्सेइतकाच स्पष्ट उल्लेख शरीर आणि मन यांच्या विश्रांतीचा आहे. भक्तीच्या, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाच्या आणि योग्य विश्रांतीच्या आड येणारी कामे टाळावीत, असे ते कलम सांगते. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की कपडे, हिशेब, साफसफाई यांतले जे शनिवारी उरकता येते ते शनिवारीच उरकावे. रुग्णालयात, वाहनावर किंवा पहाऱ्यावर असलेल्यांना रविवारी सुटी मिळत नाही. आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या मिस्सेनेही त्यांचे कर्तव्य पूर्ण होते, ही सोय १२४८व्या कलमातच आहे. मात्र विश्रांतीचा अर्धा दिवस त्यांनी आठवड्यात दुसरीकडे ठरवून घ्यावा, नाहीतर तो कधीच येत नाही.

अगदीच गळून गेलेल्या माणसाने आधी एलीयाची गोष्ट वाचावी, १ राजे, अध्याय १९. माझा जीव घे, असे देवाला म्हणून तो झुडपाखाली आडवा झाला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले आणि मगच पुढची वाट दाखवली. चार रात्री नीट झोप न झालेल्याने पाचव्या रात्री जास्तीची प्रार्थना करण्यापेक्षा लवकर झोपावे. त्यात भक्ती कमी पडत नाही.

आता मिस्सेविषयी. शास्त्रपाठ आदल्या संध्याकाळी एकदा वाचून ठेवावेत. पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा बायबलमधला वृत्तांत) मिळून दहा मिनिटे पुरतात. इथे एक गोष्ट माहीत असली की डोक्याचा ताण कमी होतो. सामान्यकाळात, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असे निवडलेले असते, पण दुसरे वाचन एखाद्या पत्रातून आठवड्यामागून आठवडे सलग चाललेले असते. त्यामुळे त्या तिन्हींचा धागा जुळवत बसू नये. एखादे वाक्य मनात राहिले तर तेवढे घेऊन जावे.

चर्चमध्ये पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. फोन बंद करावा, नुसता आवाज बंद करून भागत नाही, कारण खिशातला थरथरणारा फोनही मन ओढून नेतो. त्या आठवड्यात ज्यांची काळजी वाटली त्यांची नावे एकेक करून प्रभूपुढे ठेवावीत.

मिस्सेत मौनाच्या जागा ठरलेल्या आहेत हे अनेकांना ठाऊक नसते. रोमी मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतल्या ४५व्या परिच्छेदात त्या दिल्या आहेत: पश्चात्तापविधीच्या वेळी, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटल्यानंतर, वाचन आणि प्रवचन झाल्यावर आणि कम्युनियननंतर, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर घेतल्यानंतर. प्रत्येक मौनाचे काम वेगळे. पहिल्यात स्वतःकडे पाहायचे, दुसऱ्यात आपली विनंती मनात आणायची, तिसऱ्यात ऐकलेले मुरू द्यायचे आणि चौथ्यात स्तुती व आभार. मिस्सा सुरू होण्याआधी चर्चमध्ये आणि धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीतही शांतता असावी, असेही तिथेच म्हटले आहे.

प्रत्यक्षात ‘आपण प्रार्थना करू या’ आणि पुढची प्रार्थना यांच्यात श्वास घेण्याइतकीही फट राहत नाही. कम्युनियनची रांग संपते न संपते तोच दुसरे गीत लागते आणि पाठोपाठ सूचना. हे कुणी मुद्दाम करत नाही, रिकाम्या वेळाची भीती वाटते म्हणून होते. गायकवृंदाच्या प्रमुखांना आमची मनापासून विनंती आहे की कम्युनियनचे गीत एकच ठेवा, रांग संपली की ते थांबवा आणि दोन मिनिटे काहीही वाजवू नका. पहिल्या रविवारी लोक खोकतील, मागे वळून पाहतील. महिनाभरात त्या दोन मिनिटांची वाट पाहू लागतील. आणि तुमच्या चर्चमध्ये हे होत नसेल, तर मिस्सेनंतर पाच ते दहा मिनिटे जागेवर बसून राहणे तुमच्या हातात आहेच.

कम्युनियनच्या आधी पाळायच्या उपवासामुळे चक्कर येते म्हणून काहीजण कम्युनियन टाळतात. नियम फक्त एका तासाचा आहे, आणि तो कम्युनियनच्या आधीचा, मिस्सा सुरू होण्याआधीचा नव्हे. पाणी आणि औषध चालते. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तोही लागू नाही.

परमपवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीपुढे बसून करायची, आराधना ही धर्मग्रामातली सगळ्यात शांत जागा, पण पहिल्यांदा जाणारा तिथे गोंधळतो. तासभर करायचे काय? सुरुवातीला वीस मिनिटेच बसा. पूर्ण तास बसायचे झाले तर पहिली दहा मिनिटे नुसते स्थिरावण्यात जाऊ द्या. पुढची वीस एखाद्या स्तोत्राला किंवा शुभवर्तमानातल्या आठ-दहा ओळींना द्या. त्या हळू वाचा, अडलेल्या शब्दावर थांबा, त्यावर प्रभूशी बोला आणि मग बोलणेही सोडून द्या. वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतनमग्न शांती या चार पायऱ्या बाराव्या शतकातल्या दुसरा गिगो या कार्थुसी मठवासीयाने लिहून ठेवल्या आहेत. नंतरची वीस मिनिटे गप्प राहावे आणि शेवटची दहा आभारांना व इतरांसाठीच्या विनंतीला द्यावीत. इथली नेहमीची चूक म्हणजे चार प्रार्थनापुस्तके घेऊन जाणे. एक संपले की दुसरे उघडायचे आणि तास भरून काढायचा, म्हणजे बाहेरची धावपळ आत आणल्यासारखेच झाले. डुलकी आली तर घाबरू नये, थोडा वेळ उभे राहावे. दर वेळी येत असेल तर रात्रीच्या झोपेकडे पाहावे.

कोरडे दिवस येतातच. प्रार्थना नकोशी वाटते, मिस्सा लांबल्यासारखी वाटते, धर्मग्रामातली माणसे खुपू लागतात. अशा काळासाठी लोयोलाच्या संत इग्नाशियस यांनी त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त दोन ठोस गोष्टी सांगितल्या आहेत. मन उजाड असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि प्रार्थना आटोपती घ्यावीशी वाटली तर ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्त बसावे. चर्च सोडावे, सेवा सोडावी, असा निर्णय त्या अवस्थेत घेऊच नये. मात्र आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि रस सगळेच गेले असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे. धर्मगुरूंना सांगितले तर तेही हेच सांगतील.

पापनिवेदनातून, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करून क्षमा घेण्यातून, मिळणारे हलकेपण दुसऱ्या कशातून मिळत नाही. तरीही लोक वर्षानुवर्षे लांब राहतात, कधी भीतीने, तर बऱ्याचदा विधीतले शब्द विसरले म्हणून. शब्दांची काळजी करू नका. आत गेल्यावर ‘फादर, बऱ्याच वर्षांनी आलो आहे, मदत करा’ एवढे म्हटले तरी पुरते. घरून निघण्याआधी पंधरा मिनिटे आत्मपरीक्षण करावे: देवाशी, घरच्यांशी, कामाच्या ठिकाणी, पैशांच्या व्यवहारात. गंभीर पाप असेल तर त्याचा प्रकार आणि साधारण किती वेळा हे सांगावे, रंगवून कहाणी सांगायची गरज नसते. सासू, सून किंवा साहेब यांच्या चुका तिथे मांडू नयेत. निवेदनानंतर फादर जे प्रायश्चित्त देतात ते त्याच दिवशी, शक्यतो चर्चमधून निघण्याआधी करावे, म्हणजे ते राहून जात नाही. सांगितलेले बाहेर जाण्याची भीती बाळगू नये. ती गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही, आणि ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत ठरतो.

नाताळ आणि पवित्र आठवड्याच्या आधी रांगा लांब असतात आणि फादरही दमलेले असतात. मनातले खूप सांगायचे असेल तर एखादा साधा आठवडा निवडून वेळ मागून घ्यावी. एकदा क्षमा मिळालेले तेच पाप पुनःपुन्हा सांगावेसे वाटणाऱ्यांनी एकच धर्मगुरू ठरवावेत आणि त्यांनी ‘आता हे सांगू नका’ म्हटले की ऐकावे. त्या पाळण्यातच त्यांची सुटका असते.

आता ज्यांच्याविषयी सगळ्यात जास्त कळकळ वाटते, ते धर्मग्रामाचे कार्यकर्ते. वाचक तेच, गायक तेच, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे तेच, सणाची सजावट आणि हिशेब पाहणारेही तेच. देवाच्या घरात राबता राबता देवापुढे बसायचे राहून जाते आणि मग चिडचिड सुरू होते. मार्कच्या ६व्या अध्यायात ‘एकांती चला आणि थोडा विसावा घ्या’ असे प्रभू म्हणतो ते सेवा करून परतलेल्या प्रेषितांना. लोकांची इतकी ये-जा होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. आणि निर्गमच्या १८व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, तोंडावर सांगतो की तू करतोस ते बरे नाही, तू थकशील आणि हे लोकही थकतील. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमायला लावतो.

यातून काही नियम सरळ निघतात. एका माणसाकडे एकच मुख्य जबाबदारी. तिची मुदत आधीच ठरलेली, दोन किंवा तीन वर्षे. प्रत्येकाबरोबर काम शिकणारा एक जोडीदार पहिल्या दिवसापासून. महिन्यातून एका रविवारी कुठलेही काम न घेता कुटुंबासोबत मधल्या बाकावर बसायचे. बैठक एका तासाची, संपायची वेळ सुरुवातीलाच सांगायची. मोठ्या सणानंतरच्या आठवड्यात बैठक ठेवायचीच नाही. ‘माझ्याशिवाय होत नाही’ असे ज्याला वाटू लागते, त्याला सुटीची गरज सगळ्यात जास्त असते, आणि ती देण्याचे धाडस प्रमुख धर्मगुरूंनी करावे.

आशेचे सांगायचे तर आपण उपासना-वर्षाचा एक मोठा भाग वाया घालवतो. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळाचे ४० दिवस निष्ठेने पाळतो आणि ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळाचे ५० दिवस मात्र सणाच्या सोमवारीच संपवतो. शोकात असलेल्यांना तर हेच ५० दिवस हवे असतात. या काळात मिस्सेतले पहिले वाचन बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून येते. त्याचे एकूण २८ अध्याय आहेत, एक दिवसाआड एक वाचला तरी पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे या काळाच्या शेवटच्या सणापर्यंत, बहुतेक सगळे होतात. घाबरून दार लावून बसलेली माणसे पुढे काय काय करतात, ते त्यात सलग वाचायला मिळते.

नवीन आलेल्या किंवा एकट्या पडलेल्या माणसाने दर रविवारी तीच मिस्सा आणि शक्यतो तोच बाक धरावा. ओळखी त्यातूनच होतात. नंतर आठ-दहा जणांचा एखादा शुभवर्तमान-गट असेल तर त्यात जावे. गटाने एक नियम कडक पाळावा: कुणी मनातले बोलले तर त्यावर सल्ला द्यायचा नाही आणि वादही घालायचा नाही. हा नियम सुटला की लाजरी माणसे येणे थांबवतात आणि दोन बोलके लोक उरतात.

आजारपणामुळे घरीच असलेल्यांसाठी पॅरिश ऑफिसमध्ये फोन करून कम्युनियन घरी आणायला सांगता येते. टेबलावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवावे, टीव्ही बंद करावा आणि घरातल्यांनीही प्रार्थनेला बसावे. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, फक्त शेवटच्या घटकेसाठी असतो, हा समज अजून गेलेला नाही, आणि त्यापायी फादरांना बोलावेपर्यंत रुग्णाची शुद्ध हरपलेली असते. गंभीर आजार सुरू होताच, मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी किंवा वार्धक्याने शरीर खचू लागल्यावर हा संस्कार घेता येतो, आणि प्रकृती पुन्हा बिघडली तर पुन्हाही घेता येतो. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की त्याच दिवशी ऑफिसला कळवा. रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चमध्येच, घरच्यांच्या सोबतीने तो घेणे सगळ्यात सोयीचे पडते.