दुसऱ्या खिळ्यावरचे कॅलेंडर

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन खिळे आहेत. पहिल्यावर कालनिर्णय असते. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केले आणि माझ्या आठवणीत तो खिळा एकाही वर्षी दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. दुसरा खिळा मी ठोकला, २०१४च्या डिसेंबरात, घरच्या फोटोंचे पहिले कॅलेंडर छापून आणले तेव्हा. तेव्हापासून दरवर्षी फराळाचे डबे तळाला गेले की मी लॅपटॉप उघडून बसते आणि वर्षभरातल्या तीनेक हजार फोटोंमधून बारा निवडू लागते.

बारा हा आकडा फार अडचणीचा आहे. आपण किती पानांवर आहोत हे घरात कोणी उघडपणे मोजत नाही, पण कॅलेंडर हातात आल्यावर पाने ज्या गतीने उलटली जातात, त्यावरून कोण काय मोजत आहे ते मला कळते. एका वर्षी धाकट्या काकूंचा चेहरा फक्त फेब्रुवारीत आला होता. त्या एवढेच म्हणाल्या, ‘फेब्रुवारी तसा लहानच असतो.’ पुढच्या वर्षीपासून मी एका कागदावर नावे लिहून प्रत्येकापुढे रेघा मारू लागले. माझ्या नावापुढे मात्र रेघ क्वचितच पडते, कारण फोटो काढणारी मीच.

खरा पेच सणांचा. २०२५मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते १४ सप्टेंबरला बसणार. मग आरतीचा फोटो कोणत्या पानावर लावायचा? काढला त्या महिन्यावर लावला, तर ऑगस्टभर भिंतीवर मखर दिसत राहते आणि सप्टेंबरात प्रत्यक्ष मूर्ती घरात येते तेव्हा वर कोकणातल्या पावसाचे चित्र असते. मी शेवटी येणाऱ्या वर्षाची बाजू घेते, आणि गेल्या वर्षीचे फोटो नव्या तारखांच्या सोयीने पुढेमागे सरकवते.

छपाईची अक्कल मला नुकसान सोसूनच आली. ए-फोर आकाराचे पान नीट छापायचे, तर लांबीला साधारण साडेतीन हजार पिक्सेल लागतात. मेसेजमधून फिरत आलेल्या फोटोत त्याच्या निम्मेही उरत नाहीत. फोनच्या पडद्यावर झकास दिसणारी आत्या कागदावर धुक्यातून आल्यासारखी उमटली, तेव्हापासून ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य मी नोव्हेंबरात जपमाळेसारखे म्हणत असते. शिवाय सगळे फोन उभा धरून फोटो काढतात आणि माझे पान आडवे! उभा फोटो आडव्यात बसवताना कोणाचे तरी पाय किंवा देवळाचा कळस जातोच.

पण सर्वांत मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली होती. मी हौसेने गुळगुळीत, चकचकीत कागद घेतला. आईने त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि विचारले, ‘यावर पेन उठेल का?’ पेन उठले नाही. चौकोनांत तिथी नाहीत, चतुर्थीचा चंद्रोदय नाही आणि दुधाचा खाडाही लिहिता येत नाही, असे कॅलेंडर तिच्या दृष्टीने नुसता अल्बम होता. तिने लोणच्याच्या बरण्यांवर महिना घालायचा मार्कर आणला आणि सणवार स्वतः लिहून काढले. तेव्हापासून मी मॅट कागदच घेते, चौकोन मोठे ठेवते, आणि एकादशी व संकष्टी छापून आणते. त्यापायी फोटो लहान होतो, आणि त्याचे मला आता काही वाटत नाही. वर्षाअखेरीला वरचे फोटो कोणी फारसे बघत नाही. ते फोनमध्ये असतातच. खालच्या चौकोनांतले ‘सिलिंडर लावला’, ‘दूध नाही’, ‘बाबा – डोळे’, ‘पाहुणे ४’ मात्र दुसरीकडे कुठेच नसते. गेलेले वर्ष वर छापलेले आणि चालू वर्ष खाली तिच्या अक्षरात, असा हा दोन वर्षांचा ऐवज आहे, म्हणून जुनी कॅलेंडरे मी रद्दीत देत नाही.

त्या गठ्ठ्यातच मला या वेळी एक गंमत सापडली. २०१५ची १ जानेवारी गुरुवारी होती आणि २०२६चीही गुरुवारीच. दोन्ही वर्षे तीनशे पासष्ट दिवसांची असल्यामुळे वार शेवटपर्यंत जुळतात. मी ते पहिले, चकचकीत कॅलेंडर झटकून दुसऱ्या खिळ्यावर नव्याच्या मागे अडकवले. आईने चष्मा लावून ते पुढे ओढले आणि सावकाश तपासले. मार्चच्या पानावर २१ तारखेला तिनेच लिहिलेला ‘पाडवा’ होता. या वर्षी तो १९ला आहे. तिने मार्कर मागवला, २१वर काट मारली, १९मध्ये नवा पाडवा लिहिला आणि पान उलटले. एप्रिलमध्ये दुधाचे तीन खाडे होते. ते पुसू का, असे मी विचारले.

‘राहू देत,’ ती म्हणाली, ‘त्याचा हिशोब झालाय.’