दगडावरचं जुनं अक्षर कसं लावायचं

विदर्भात पवनीजवळ, रामटेक-मनसरकडे किंवा नागभीडच्या बाजूला वावराच्या धुऱ्यावर, तलावाच्या पाळीवर अक्षरं कोरलेला दगड निघाला तर त्यात नवल नाही. निघाला की कोणी त्याला शेंदूर फासतं, तर कोणी मोबाइलवर ब्राह्मी या जुन्या लिपीचा तक्ता काढून एकेक आकार जुळवायला बसतं. शेंदरानं खाचा बुजतात. आणि नुसता आकार जुळवत गेलं की वाचन पहिल्याच ओळीत भरकटतं. अशोकाच्या ब्राह्मीतला ‘ग’ ग्रीक लॅम्डासारखा दिसतो, ‘ज’ रोमन ई सारखा, ‘ठ’ म्हणजे तर नुसतं वर्तुळ. सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांना दिल्लीच्या अशोकस्तंभावरचा लेख ग्रीक वाटला तो त्यामुळेच.

आधी दगड साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवावा. तारेचा ब्रश अजिबात नको. खाचांत खडूही भरू नये, कारण खडू भरणारा आपल्याला वाटलेली रेघ भरतो आणि पुढे फोटोत तीच खरी ठरते. अंधार पडल्यावर मोबाइल एका जागी पक्का ठेवून, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्यावेत. उभी खाच आडव्या प्रकाशात उठते, आडवी खाच वरच्या-खालच्या प्रकाशात. एकाच फोटोवर विसंबलं की मात्रा हमखास सुटते.

मग मोजणी. वेगवेगळी चिन्हं किती, हे कागदावर मांडायचं. वीस ते पस्तीसच्या आसपास असतील तर वर्णमाला, पन्नास ते शंभर असतील तर अक्षरलिपी (एका चिन्हात ‘का’, ‘से’ असं पूर्ण अक्षर), काहीशे असतील तर शब्दचिन्हांची लिपी, असा जगभरच्या जुन्या लिप्यांवरून बसलेला ढोबळ अंदाज आहे. लेख छोटा असेल तर हा आकडा फसवतो. दर पन्नास चिन्हांमागे नवी किती आली ते लिहीत जावं; नवी येणं थांबत नाही तोवर निष्कर्ष काढू नये. ब्राह्मीत तर एकाच मूळ आकाराला डोक्यावर, पायाशी बारीक रेघा लागतात. त्या मात्रा आहेत हे न ओळखता प्रत्येक रूप वेगळं धरलं की मोजणी कितीतरी पट फुगते. ब्राह्मी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं 1834 मध्ये अलाहाबादच्या स्तंभावरच्या अक्षरांची अशीच मांडणी करून मात्रांची पद्धत हेरली होती.

पण त्याला वाट सापडली ती 1837 मध्ये, सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या लेखांत. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. स्तूपाच्या एकेका दगडावर वेगळा लेख, म्हणजे देणाऱ्याचं नाव असणार. मग शेवटी ‘दानं’ असणार, आणि त्याआधी वारंवार येणारं अक्षर षष्ठीचा ‘स’. जागेवरून अर्थ, अर्थावरून उच्चार.

आपल्याकडे ही रीत शिकायला विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजांच्या ताम्रपटाच्या शिक्क्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. द्वितीय प्रवरसेनाच्या शिक्क्यावर सहसा चार ओळी असतात, ओळीत आठ अक्षरं:

वाकाटकललामस्य
क्रमप्राप्तनृपश्रियः
राज्ञः प्रवरसेनस्य
शासनं रिपुशासनम्

अक्षरांच्या डोक्यावर पोकळ चौकोनी पेट्या आहेत, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीच उमगत नाही. तरी पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर एकच दिसतं: ‘स्य’. पहिल्या ओळीतलं दुसरं आणि चौथं अक्षर शेजारी धरा, ‘का’ आणि ‘क’. पाचवं-सहावं धरा, ‘ल’ आणि ‘ला’. दोन्ही जोड्यांत जेवढी रेघ जास्त, तेवढी ‘आ’ची मात्रा. चौथ्या ओळीत पहिलं-दुसरं अक्षर सहाव्या-सातव्या जागी पुन्हा येतं: ‘शास’. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाच्या शिक्क्यावर हाच श्लोक आहे, फक्त तिसरी ओळ ‘जनन्या युवराजस्य’. बाकी तीन ओळींतून ओळखीची झालेली अक्षरं वापरून ही ओळ आपली आपण सुटते. या लिपीत ‘त’ आणि ‘न’ फार जवळचे दिसतात, तिथं मात्र शब्दावरूनच ठरवावं लागतं.

खरा ताम्रपट हाती लागला तर चिंच-लिंबानं घासू नका. आम्ल तांबं खातं आणि उथळ मात्रा आधी जातात. 1878 च्या निखात निधी (ट्रेझर ट्रोव्ह) कायद्यानुसार सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

नागभीडजवळच्या देवटेकच्या शिळेवर दोन लेख आहेत: एक जुन्या, अशोकाच्या वळणाच्या ब्राह्मीत, दुसरा वाकाटक राजा रुद्रसेनाचा. मधे काही शतकं गेली. जुन्या वळणात ‘क’ म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह. वाकाटक लिपीत उभी रेघ लांबते, आडवे हात खाली झुकतात, डोक्यावर पेटी बसते. लिपीची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी अशी दाखवता येत असेल तरच आकाराची तुलना ग्राह्य धरावी.

साखळी असूनही घोटाळा होतो. ग्रीसजवळच्या क्रीट बेटावरच्या लिनिअर बी या जुन्या लिपीतली काही चिन्हं नंतरच्या सायप्रसच्या अक्षरलिपीशी जुळतात. सायप्रसमध्ये ग्रीक शब्दाच्या शेवटचा ‘स्’ दाखवायला ‘से’ हे चिन्ह लिहीत. लिनिअर बीत ते शब्दाच्या शेवटी जवळजवळ येतच नाही. म्हणून भाषा ग्रीक नाही, असा तर्क झाला. मायकेल व्हेंट्रिसनं 1952 मध्ये ती ग्रीकच असल्याचं दाखवलं. क्रीटचे लेखनिक शेवटचा ‘स्’ लिहीतच नव्हते. चिन्ह उसनं येतं, तेव्हा लिहिण्याचे नियम सोबत येतातच असं नाही.

विदर्भातल्या महाश्मयुगीन (मोठे दगड रचून दफनं करण्याच्या काळातल्या) खापरांवरच्या ओरखड्यांना सिंधू लिपी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. फुली, शिडी, बाण, त्रिशूळ या खुणा कुंभार कुठंही काढतो. इरावतम महादेवन यांच्या 1977 च्या सूचीत सिंधू लिपीची 417 चिन्हं आहेत आणि सरासरी लेख जेमतेम पाच चिन्हांचा. एवढ्या चिन्हांत एखाददुसरं कशाशीही जुळणारच. खापरावर तीन-चार चिन्हं त्याच क्रमानं, आणि तशीच दुसऱ्या खापरावरही, मिळाली तर तुलनेला बसता येईल. सुट्या खुणेचा फोटो, खापराची जाडी, रंग आणि सापडल्याची खोली एवढं नोंदवून ठेवावं.