बर्कलीच्या किल्ल्याला गर्दी, जेन्नरच्या घराला नाही

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या बर्कली गावात येणारा बहुतेक माणूस किल्ला बघायला येतो. दुसरा एडवर्ड राजा १३२७ साली तिथे कैदेत होता आणि तिथेच त्याचा खून झाला असं सांगतात. ती कहाणी ऐकायला झुंबड उडते. तिथून जवळच, चर्चला लागून असलेल्या, देवीची लस जगाला देणाऱ्या डॉक्टर एडवर्ड जेन्नरच्या घरात मात्र मी गेले तेव्हा शुकशुकाट होता. मला याचा मनापासून राग आला. एका राजाच्या मरणाला गर्दी, आणि ज्याच्यामुळे कोट्यवधी माणसं जगली त्याच्या दाराशी कुणी नाही!

घरातल्या खोल्या भराभर पाहिल्या. खिळून राहिले ती बागेतल्या झोपडीपाशी. ओबडधोबड लाकडांची, छोटीशी. इथे जेन्नर गावातल्या गरिबांना फुकट देवी टोचायचा.

त्याआधी देवीवर एकच उपाय होता. देवीच्या रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत घालायचा आणि आजार सौम्य येऊ दे म्हणून वाट बघायची. त्यातही माणसं दगावत. जेन्नरला लहानपणी हे सोसावं लागलं होतं: उपाशी ठेवून, रक्त काढून, मग इतर मुलांबरोबर तबेल्यात कोंडून. हे कळल्यावर मला पुढचं सगळं वेगळंच दिसायला लागलं. कारण १४ मे १७९६ रोजी त्याने ज्याच्या दंडावर गाईच्या देवीची (गाईंना होणाऱ्या, देवीसारख्याच पण सौम्य आजाराची) लस टोचली, तो जेम्स फिप्स अवघा आठ वर्षांचा होता. माळ्याचा पोरगा. लस आली होती सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातून, आणि तिला ती लागण झाली होती ब्लॉसम नावाच्या गाईकडून. जुलैमध्ये जेन्नरने जेम्सला खऱ्या देवीचा पू टोचला. देवी आल्या नाहीत.

आज असं कुणी करू धजणार नाही, आणि धजूही नये. जेन्नरबद्दल मला अपार आदर आहे, पण त्या झोपडीसमोर मनात येत राहिला तो जेम्स. त्या पोराला कुणी विचारलं असेल का?

गाईच्या देवी येऊन गेलेल्याला मोठ्या देवी येत नाहीत, हे गवळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ सालीच बायकोमुलांना ती लस टोचली होती. जेन्नरने ते पडताळून पाहिलं, १७९८ मध्ये पदरमोड करून छापलं, आणि लस दूरदूर पाठवली. तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या. बऱ्याचदा लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशीच प्रवास करायची. बगदाद, बसरा करत ती मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरून ती भारतभर गेली. या मुलांची नावं आपल्याला शाळेत कुणी शिकवली नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं.

जेन्नरने पुढे जेम्सला गावात बिनभाड्याचं घर दिलं. १८२३ मध्ये जेन्नर गेला तेव्हा जेम्स त्याच्या अंत्ययात्रेला होता. शेजारच्या चर्चमध्ये जेन्नरला पुरलंय, आणि जेम्सलाही त्याच चर्चच्या आवारात. बर्कलीला गेलात तर किल्ला नंतर बघा. आधी इथे जा, मुलांना घेऊन जा, आणि निघण्यापूर्वी वेळा नक्की तपासा, कारण हे घर रोज उघडं नसतं.