जळका पंखा आणि थंड चुंबक

मे महिन्यात सोलापुरात पंखा जळणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच ठाऊक. वाइंडिंगवाल्या मामांकडं गेलो. जळकी तार उपसत त्यांनी विचारलं, "ओ सर, तुमच्या फिजिक्समधलं सगळ्यात मोठं वाइंडिंग कुठलं?"

मग काय, मी सुटलोच. जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉन वळवायला १,२३२ चुंबक, एकेक १५ मीटर लांब. करंट सुमारे ११,८५० अँपिअर.

"तार जळत नाही?" मामांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तार नायोबियम-टायटॅनियमची, उणे २७१ अंशांवर ठेवलेली. तिथं विजेला रोधच शून्य, मग तापणार कशी?

"आन् प्रोटॉन फाकत नाहीत?" फाकतात की! त्यासाठी चार ध्रुवांचे वेगळे चुंबक. खोड अशी की झोत आडवा आवळला की तो उभा पसरतो. म्हणून पुढचा चुंबक ९० अंशांत फिरवून लावतात. दोन्ही मिळून झोत आवळला जातो. (बारावीच्या वर्गात एवढे प्रश्न आले असते तर!)

कण आदळून विखुरतात, त्यावरून आतलं कसं कळतं, हे सांगायला शेजारचा कॅरम कामी आला. स्ट्रायकर कसा उडाला, यावरून झाकलेली सोंगटी ओळखायची. १९०९ मध्ये गायगर-मार्सडेन या शास्त्रज्ञांनी तेच केलं: धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या सुमारे ८,००० अल्फा कणांतला (धन भाराचे कण) एक मागं उलटला. त्यावरून रदरफोर्डनी १९११ मध्ये अणूचं केंद्रक मांडलं.

मामा हसले. "म्हंजे आमचंच काम की. आवाजावरनं आतलं ओळखायचं."

पंखा उद्या मिळणार. आज गच्ची.