पियानो घ्या, पियानो!

"एवढं काय त्यात? भंगारवाल्याला बोलाव आणि देऊन टाक," आई सांगलीहून फोनवर म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला. माझा तिथून सुरू झाला, कारण इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये आमच्या गल्लीत भंगारवाला येत नाही. रद्दीवाला येत नाही. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण तर नाहीच नाही.

लेक युनिव्हर्सिटीत गेली आणि तीन बेडरूमचं घर आम्हा दोघांना मोठं आणि महाग वाटायला लागलं. जुलैअखेर छोट्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. तिथे न मावणाऱ्या वस्तूंची यादी फ्रिजवर लावली, तर ती खाली भाजीच्या कप्प्यापर्यंत आली. यादीत सर्वांत वर दोन धोंडे: सोफा आणि पियानो.

वापरण्याजोग्या वस्तू चॅरिटी शॉपला द्यायची इथे जुनी पद्धत आहे. मोठं सामान असेल तर काही संस्था गाडीही पाठवतात. मी सोफ्यासाठी फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लेबल आहे का?"

इथे १९८८च्या नियमांनुसार सोफ्याचं कापड आणि फोम आगीला टिकणारे असावे लागतात, आणि तसं सांगणारं कायमचं लेबल त्याला शिवलेलं असतं. ते नसेल तर चॅरिटीवाले सोफ्याला हात लावत नाहीत. मी मोबाईलचा टॉर्च घेऊन गालिच्यावर आडवी झाले आणि सोफ्याच्या पोटात डोकं घातलं. एक पेन्सिल, तीन नाणी, लेकीची हरवलेली राखी आणि शिवणीतून लोंबणारे दोन पांढरे दोरे सापडले. दोरे बघितल्यावर आठवलं. काही वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या आणि ते लेबल गादीखालून सारखं डोकावत होतं. मीच कात्रीने कापून टाकलं होतं.

काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी पैसे भरून येते. पण २०२३पासून जुने सोफे इतर कचऱ्यासारखे पुरताही येत नाहीत. आग लागू नये म्हणून त्यांत घातलेली रसायनं आरोग्याला घातक निघाली, म्हणून आता ते वेगळे नेऊन जाळतात. आगीपासून वाचवलेला सोफा शेवटी भट्टीतच. रात्री गुपचूप फुटपाथवर ठेवून यावं, तर तो गुन्हा. एका घरातून दुसऱ्या घरात असाच द्यायला मात्र हरकत नाही. म्हणून मी फ्रीगलवर, म्हणजे नको असलेल्या वस्तू फुकट देण्याघेण्याच्या वेबसाइटवर, खातं उघडलं.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. २००३ साली ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात डेरॉन बील यांनी 'फ्रीसायकल' नावाने ईमेलवर एक गट सुरू केला. टाकून द्यायच्याऐवजी कुणाला तरी द्या, पैसे नाहीत, अदलाबदल नाही, एवढंच. ब्रिटनमध्येही त्याचे गट पसरले. मग इथल्या स्वयंसेवकांचं अमेरिकेतल्या मंडळींशी बिनसलं आणि २००९मध्ये त्यांनी 'फ्रीगल' नावाने वेगळी चूल मांडली. (वाचून बरं वाटलं. मंडळ फुटणं ही काही फक्त आपलीच परंपरा नाही.) वस्तूचा फोटो टाकायचा, पोस्टकोडचा पहिला तुकडा लिहायचा, आलेल्या उत्तरांतून एकाला 'प्रॉमिस' करायचं, आणि मग वाट बघायची.

या वाट बघण्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सोफ्याला नऊ उत्तरं आली. पहिल्या बाईंना शनिवारी दहाची वेळ दिली. न्यायला सोपं जावं म्हणून आम्ही दोघांनी सोफा ओढत दारापाशी आणून ठेवला. दहा वाजले, साडेदहा, बारा. मी मेसेज केला, तो त्यांनी वाचल्याच्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. दुसऱ्याने विचारलं, "तुम्हीच आणून द्याल का? चौथा मजला आहे, लिफ्ट नाही." तिसऱ्याने सीटची उंची, खोली, मागच्या बाजूचा फोटो, घरात मांजर आहे का, सगळं विचारलं. मी टेप लावून मापं पाठवली. रात्री अकराला उत्तर आलं, "थँक्स, रंग पडद्यांना जात नाही." रंग पहिल्या फोटोत दिसत होता! तोपर्यंत आम्ही चार दिवस सोफ्यावर चढून दुसऱ्या बाजूला उतरत घरात ये-जा करत होतो. नवरा ऑफिसची बॅग आधी पलीकडे फेकायचा आणि मग स्वतः जायचा.

फेसबुकवर टाकून पाहिलं तर तिथे आणखी वेगळी तऱ्हा. "इज धिस स्टिल अव्हेलेबल?" हे वाक्य तिथे टाईपसुद्धा करावं लागत नाही, एक बटण दाबलं की जातं. मी तत्परतेने "येस!" लिहायचे आणि पुढे शांतता. आपल्याकडे रस्त्याने जाताना दुकानदाराला उगाच "कसं दिलं?" विचारतात ना, तसं.

शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणते. त्या उत्तर इंग्लंडमधल्या लँकशरच्या. माझं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी घोडागाडी घेऊन एक माणूस यायचा, 'रॅग अँड बोन मॅन'. चिंध्या, हाडं, मोडकं लोखंड न्यायचा आणि बदल्यात दाराची पायरी घासायचा दगड द्यायचा. मुलांना फुगा, नशीब असेल तर पाण्यात सोडलेला गोल्डफिश. मी जवळजवळ ओरडलेच, ही तर आमची बोहारीण! मग त्यांना सांगितलं, ती ओट्यावर बसून पँटचे गुडघे उजेडात धरून बघायची, "यात काही दम नाही ताई, अजून दोन साड्या टाका" म्हणायची, पातेलं पाटीत परत ठेवल्यासारखं करायची, आई दार लावून घेतल्यासारखं करायची. तासभर चालायचं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती वेळेवर यायची का?"

ती न बोलावता यायची. आणि आली की काहीतरी घेऊनच जायची.

मला वाटतं, फरक तिथेच आहे. बोहारणीशी सौदा होता. तिलाही गरज, आम्हालाही. फुकट देताना आपण मोठ्या मनाने देतोय असं स्वतःला सांगतो, पण आत हिशेब चालूच असतो. वेळेवर या, थँक्यू म्हणा, वस्तू नीट वापरा. मी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ तीन दिवसांनी फेसबुकवर २५ पौंडांना विकायला लागलेलं दिसलं, तेव्हा माझा संध्याकाळचा चहा कडू झाला. आईला सांगितलं तर ती म्हणे, "मग तूच का नाही विकलंस?" बरोबरच आहे. दिलं म्हणजे दिलं. तरी दोन दिवस मी ते घड्याळ विकलं गेलं का, ते बघत होते.

दुसरा त्रास उत्तरं निवडण्याचा. पहिल्यालाच द्यावं असा काही नियम नाही, देणाऱ्याने ठरवायचं. मग लोक कारणं लिहितात. कुणाचा घटस्फोट झालाय, कुणी रिकाम्या घरात जमिनीवर झोपतंय, कुणाला बाळ होणार आहे. एका जुन्या कपाटासाठी रात्री बसून मी लोकांची दुःखं एकमेकांशी तोलत होते. नवरा म्हणाला, तू कपाट देतेयस की शिष्यवृत्ती? त्यानंतर मी कारणं वाचणं सोडलं आणि "उद्या सहाला नेऊ शकाल का?" एवढंच विचारायला लागले. सोफा शेवटी असाच गेला. एक तरुण जोडपं भाड्याची व्हॅन घेऊन आलं आणि सात मिनिटांत घेऊन गेलं. लेबलबद्दल मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी खांदे उडवले.

आणि काही गोष्टी अशा गेल्या की मी चाटच पडले. रिकाम्या जॅमच्या ३४ बरण्या, ज्या मी लोणच्यासाठी म्हणून वर्षानुवर्षं साठवल्या आणि लोणचं काही घातलं नाही, त्यांना तासाभरात अकरा उत्तरं. बरण्या नेणाऱ्या गृहस्थांनी आठवड्याने दारात एक बरणी ठेवली, त्यांच्या परसातल्या ब्लॅककरंटच्या जॅमने भरलेली. भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांना कुणी शिकवलं असेल? सामान हलवायचे खोके तर टाकल्या टाकल्या संपतात. बंद पडलेलं शिवणयंत्र 'बंद पडलेलं' असं लिहूनही दोघांना हवं होतं.

कुकरची गंमत वेगळी. '३ लिटर, शिट्टीसह' असं लिहून फोटो टाकला. एका बाईंनी विचारलं, हा फुटतो का? मग "डिअर मॅडम" म्हणून एक अतिशय अदबशीर मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सहाला वेळ दिली. सहाला दहा कमी असताना खिडकीतून बघते तर एक मुलगा कोपऱ्यावर उभा, घड्याळ बघत. बरोबर सहाला बेल वाजली. दारावरचं तोरण बघून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काकू, मराठी का तुम्ही?" लातूरचा निघाला. रेडिंग युनिव्हर्सिटीत शिकतोय, चौघांनी मिळून घर घेतलंय, आठवडाभर पातेल्यात तुरीची डाळ शिजवतायत आणि ती शिजत नाहीये. त्याला कुकर दिला, जास्तीची रिंग दिली, यादीत नसलेला मिसळणाचा डबा दिला, गोडा मसाला दिला. नवरा मागे उभा राहून घसा खाकरत होता, कारण तो डबा नव्या घरी न्यायचा होता.

राहिला पियानो.

लेक सात वर्षांची असताना तो आम्हाला नदीपलीकडच्या कॅव्हर्शममधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने फुकट दिला होता. तेव्हा आम्हाला त्यांचं औदार्य वाटलं होतं. सुटका होती हे आता कळलं. उभा पियानो, आत लोखंडी सांगाडा, वजन दोनशे किलोंच्या पुढे. न्यायला माहीतगार माणसं लागतात आणि ती पैसे घेतात. घरं लहान, कीबोर्ड स्वस्त, त्यामुळे या देशात फुकटातले पियानोसुद्धा पडून राहतात, आणि बरेच मोडीत जातात. लेकीने दुसऱ्या परीक्षेनंतर वाजवणं सोडलं. पुढची दहाएक वर्षं त्याचा एकच खरा उपयोग झाला. दर वर्षी दीड दिवस त्यावर आमचा गणपती बसायचा. उंची नेमकी, आरतीला उभं राहायला समोर जागा, आणि वर रुंद सपाट फळी. त्या फळीवर हळदीचा एक डाग पडला तो पडलाच.

तीनदा जाहिरात टाकली. एकाला फक्त लाकूड हवं होतं. एका बाईंना दागिने करायला नुसत्या पट्ट्या हव्या होत्या. मग पियानोचे सूर लावून देणारे एक निवृत्त ट्यूनर आले. त्यांनी समोरची फळी अलगद काढली, तारांवरून बोट फिरवलं, आणि पट्ट्या तिरप्या उजेडात बघितल्या. मला जवळ बोलावलं. प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर, काळ्या पट्ट्या जिथे संपतात तिथे, केसासारखी एक आडवी रेघ होती. आणि पांढऱ्यात लाकडासारख्या अगदी बारीक शिरा.

"आयव्हरी," ते म्हणाले. हस्तिदंत. विकायचा असता तर तुम्हाला २०१८च्या हस्तिदंत कायद्याखाली २० पौंड भरून नोंदणी करावी लागली असती. फुकट देताय ते ठीक.

मी मान हलवली, पण माझं लक्ष नोंदणीकडे नव्हतं. इतकी वर्षं आपण गजाननाला कशावर बसवत होतो, ते डोक्यात फिरत होतं. संध्याकाळी आईला सांगावं की नको, असा विचार केला. सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं." आणि फोन नवऱ्याकडे द्यायला सांगितला, फ्लॅटमध्ये पाण्याचा दाब बरा आहे का ते विचारायला.

ट्यूनरनी पियानो स्वतः नेला नाही, पण गावाबाहेरच्या एका सामुदायिक हॉलवाल्यांना सांगितलं. गुरुवारी चौघे जण चाकांची फळी आणि पट्टे घेऊन आले. उंबऱ्यावरून उतरताना पियानो आतल्या आत घुमला, सगळ्या खालच्या सुरांत एकदम. त्यांच्यातल्या एकाने वरचा पिवळा डाग बोटाने घासून बघितला. मी म्हटलं, हळद आहे, निघणार नाही. राहू दे, तो म्हणाला.

नव्या फ्लॅटमध्ये सगळं बसलं. ऑगस्टच्या शेवटी नवरा हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "गणपती कुठे बसवायचा?" जमिनीवर पाट मांडून चाललं असतं, पण त्याचे गुडघे आता आरतीभर ऐकत नाहीत. त्याने फ्रीगल उघडलं. कॅव्हर्शममध्येच एका बाईंकडे ओकचं छोटं, भक्कम टेबल होतं. मी मेसेज केला. त्यांनी लगेच प्रॉमिस केलं, रविवारी अकराला या म्हणाल्या.

आम्ही निघेपर्यंत पावणेअकरा झाले. पुलावर गर्दी होती. मग समोसे घ्यायला थांबलो. पोचलो तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती, आणि टेबल दाराबाहेर, पायरीच्या अगदी कडेला आणून ठेवलेलं होतं.