वन, टू, थ्री

परवा दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात खालच्या मांडवातून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री' सुरू झालं. निवडणूक नाही, काही नाही, सोसायटीचा सत्यनारायण. थ्री झालं की पुन्हा वन. माइकवर फोर म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

झोप गेलीच होती, म्हणून जॉर्ज क्लूनीचा 'द आइड्स ऑफ मार्च' हा पिक्चर लावला. २०११ चा. (आइड्स ऑफ मार्च म्हणजे पंधरा मार्च. तो म्हटला की तिकडे सीझरचा खून आठवतो, आमच्या घरात ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता.) अमेरिकेतल्या ओहायोतली प्रायमरी, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, म्हणजे भांडण अजून पक्षातल्या पक्षातच. आणि सुरुवात कशाने, तर माइक टेस्टिंगने! रिकाम्या सभागृहात प्रचारातला पोरगा रायन गॉसलिंग येतो आणि वन-टू-थ्रीऐवजी साहेबांचं भाषणच कोरड्या आवाजात म्हणून टाकतो. साहेब म्हणजे उमेदवार गव्हर्नर मॉरिस, खुद्द क्लूनी. पोराचा त्यांच्यावर भारी जीव.

मामाचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. निवडणूक म्हणजे त्याची दिवाळी. सकाळी एका पक्षाची जीप, दुपारी दुसऱ्याची. भोंगा तोच, ॲम्प्लिफायर तोच, आवाजही तोच, दुकानातल्या पोराचा. 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' इथपर्यंत सगळे उमेदवार सारखे, पुढे चिन्ह तेवढं बदलायचं. एकदा टेस्टिंगला मी चार म्हणालो, तर मामा खेकसला, "चार कशाला? तिनात कळतं."

एका वर्षी आमचे निवृत्त गुरुजी अपक्ष उभे राहिले. चिन्ह शिलाई मशीन. त्या पोराने मामाच्या मागे लागून भोंगा फुकट मिळवला, हातगाडीवर बॅटरी ठेवली आणि आठ दिवस गाव पालथं घातलं. 'मारा शिक्का' म्हणताना त्याचा आवाज चिरकायचा. जीपमध्ये कधी चिरकला नव्हता. गुरुजींचं डिपॉझिट गेलं. पुढच्या निवडणुकीत पोराने मामाला आधीच विचारलं, "कोण किती देतंय?"

क्लूनीचा पिक्चर ज्या नाटकावरून घेतलाय ते लिहिणारा बो विलिमन २००४ साली अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीनच्या प्रचारात राबला होता. डीन जानेवारीत आयोवा राज्यातल्या पक्षांतर्गत मतदानात तिसरे आले. कार्यकर्त्यांचा हुरूप टिकावा म्हणून व्यासपीठावरून ओरडले. सभागृहात गलका एवढा, की तिथे कुणाला ते खटकलंही नाही. पण हातातला माइक भोवतालचा आवाज गाळणारा. टीव्हीवर दिसलं काय, तर एक गृहस्थ एकटेच किंचाळताहेत. त्यांना पाडलं तिसऱ्या नंबरनेच असेल, हसं मात्र माइकने केलं.

पिक्चरच्या शेवटी गॉसलिंगलाच मुलाखतीसाठी माइक लावतात. मधल्या दीडेक तासात त्याला साहेब पुरते कळलेत आणि त्या कळण्याच्या जोरावर त्याने मोठी खुर्चीही पटकावलीय. प्रश्न येतो. तो कॅमेऱ्याकडे बघत राहतो. संपला पिक्चर.

खाली एव्हाना कथेचा दुसरा अध्याय चालू होता.

गुरुजी गेले तेव्हा शोकसभेला माइक त्या पोरानेच लावला होता. आता पोरगा कसला, दुकानाचा मालक. सगळे बसले होते. तो वन-टू-थ्री म्हणाला नाही. माइकवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि बाजूला झाला.